कोणी लिहून ठेवलं असेल?

रोमन लिपीत आमच्या गावाचं नाव टाइप करून शोधलं की सगळ्यात आधी ऊस हाती लागतो. सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यात पाडेगाव आहे आणि तिथं १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. को ८६०३२, फुले २६५ ही वाणं ज्यांनी शेतात लावली त्यांच्या तोंडी पाडेगाव हे नाव रोजचं. त्यामुळे बेणं, खोडवा, हुमणी, साखर उतारा अशी पानंच्या पानं समोर येत राहतात. त्यांच्या मागून श्रीरामपूर तालुक्यातलं पढेगाव येतं, कारण दौंड-मनमाड मार्गावर त्या नावाचं रेल्वे स्थानक आहे. आमचं पडेगाव, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतून दौलताबाद, खुलताबाद, वेरूळकडे निघालेल्या रस्त्यावरचं, या गर्दीत हुडकावं लागतं. सापडलं तरी हाती काय येतं? प्लॉट विक्रीच्या जाहिराती, रो-हाउसचे फोटो आणि २०१८ साली शहरात कचराकोंडी झाली तेव्हाच्या बातम्या.

रोमन लिपीत पडेगाव आणि पाडेगाव यांचं स्पेलिंग एकच होतं. देवनागरीत लिहिलं की एका कान्यानं दोन जिल्हे वेगळे होतात. एवढी साधी गोष्ट, पण मराठी माणूस मोबाइलवर शोधताना सवयीनं रोमनमध्येच लिहितो. देवनागरीतून शोधलं तरी यंत्र कधी कधी आपणहून तो काना देऊन टाकतं, कारण पाडेगावबद्दल शोधणारे आणि लिहिणारे जास्त. अशा वेळी नाव अवतरणचिन्हांत घालावं, म्हणजे यंत्र त्यात सुधारणा करायला जात नाही. पुढे एक जागा सोडून वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून 'ऊस' लिहिलं की फलटणची गर्दी ओसरते.

माझी सगळी नोकरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात झाली. पुस्तकं देणं-घेणं हा त्या कामाचा दिसणारा भाग. खरं काम विद्यार्थी काउंटरवर येऊन काहीतरी विचारतो तेव्हा सुरू होतं, कारण तो जे विचारतो ते त्याला हवं असतंच असं नाही. 'सर, पाण्यावर पुस्तक आहे का?' असं म्हणणाऱ्या मुलाला भूजलशास्त्र हवं असतं, किंवा पाणीवाटपाचा कायदा, किंवा भाषणासाठी दोन पानं. बोलून बोलून त्याचा प्रश्न नीट करून घ्यायचा आणि मग कपाटाकडे जायचं. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतं. मला ते पाचांत सगळ्यात माणुसकीचं वाटत आलं आहे. शोधयंत्र हा वेळ क्षणात वाचवतं, पण काउंटरपलीकडून 'म्हणजे नेमकं काय हवंय तुला?' असं विचारणारं तिथं कोणी नसतं. तो प्रश्न आता शोधणाऱ्यानं स्वतःला विचारायचा आहे, आणि तो कसा विचारायचा हे शाळेत, महाविद्यालयात कुठंच शिकवलं जात नाही. संगणकाच्या तासाला कीबोर्ड शिकवतात, एक्सेल शिकवतात. शोधणं येतंच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं आहे.

आमच्या गल्लीतली एक मुलगी इतिहासात एम.ए. करते. लघुप्रबंधासाठी तिनं विषय घेतला शहराच्या पश्चिमेकडच्या गावांचं जुनं पाणी. विहिरी, बारवा, नहरी, सगळं. विषय उत्तम. एका संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, "काका, नेटवर काहीच नाही हो."

"काय टाकून बघितलंस?"

तिनं दाखवलं. 'पडेगाव जुना पाणीपुरवठा संपूर्ण माहिती मराठी.'

मी तिला म्हटलं, "अगं, हे तुझे शब्द झाले. ज्यानं लिहून ठेवलं त्याचे शब्द कोणते असतील?"

शोधण्याबद्दल मला जे सांगायचं आहे ते सगळं या एका प्रश्नात आहे. यंत्र आपल्या मनातलं शोधत नाही. कोणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी लिहिलेलं त्याच्याकडे साठवलेलं असतं आणि आपले शब्द त्या शब्दांशी जुळवून ते उत्तर देतं. आता ते समानार्थी शब्दही थोडेफार ओळखतं, इंग्रजीत बऱ्यापैकी, मराठीत कमी. पण 'पाणीपुरवठा' हा शब्द महापालिकेच्या कारभारातला. आमच्या शहरात महापालिका झाली १९८२ साली. त्याआधी शंभर वर्षं, दोनशे वर्षं इथल्या विहिरीबद्दल लिहिणारा माणूस 'पाणीपुरवठा' कशाला लिहील?

मग आम्ही दोघं बसलो आणि या जमिनीबद्दल कोणी लिहून ठेवलं असेल याचा माग उलटा काढत गेलो. १ मे १९६० नंतर महाराष्ट्र शासन, मराठी आणि इंग्रजी. त्याआधी १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य. त्याआधी हैदराबाद राज्य. आणि १७ सप्टेंबर १९४८च्या आधी निजामाची राजवट, जिचा कारभार उर्दूत आणि त्याच्याही आधी फारसीत. शेजारी छावणीत इंग्रज अधिकारी, त्यांचा पत्रव्यवहार इंग्रजीत. पुण्या-मुंबईच्या मुलांना हा क्रम पाठ करावा लागत नाही, कारण त्यांची दप्तरं बऱ्याच अंशी पुण्या-मुंबईतच आहेत. मराठवाड्याच्या संशोधकाला मात्र आपल्या गावाचा कागद हैदराबादेत शोधावा लागतो, आणि नेटवर शोधतानाही हैदराबाद हा शब्द टाकावा लागतो. हे एकदा कळलं की पुढचा रस्ता निम्मा मोकळा होतो.

जनगणनेचंच बघा. १९५१च्या जनगणनेपासून जिल्हावार पुस्तिका निघू लागल्या. औरंगाबाद जिल्ह्याची १९५१ची पुस्तिका 'महाराष्ट्र' टाकून सापडायची नाही, ती हैदराबाद राज्यानं काढलेली आहे. १९६१ आणि १९७१च्या पुस्तिका महाराष्ट्राच्या. पुढं एखादं गाव शहराच्या हद्दीत पूर्ण गेलं की गावांच्या यादीतून त्याचं नाव निघून जातं, तेव्हा आजच्या यादीत ते नाही म्हणून निराश व्हायचं कारण नाही. जुनी यादी काढायची. या पुस्तिका स्कॅन होऊन जनगणना कार्यालयाच्या डिजिटल ग्रंथालयात आल्या आहेत. १९७१च्या पुस्तिकेत गावांच्या सोयीसुविधांचा तक्ता आहे. शाळा, दवाखाना, वीज, पोस्ट, आणि त्यात एक रकाना पिण्याच्या पाण्याचा. त्या रकान्यात एकेक इंग्रजी अक्षर असतं, विहिरीसाठी डब्ल्यू, नदीसाठी आर. त्या मुलीला हवी होती ती गोष्ट अशी एका अक्षरात लिहून ठेवलेली होती. 'जुना पाणीपुरवठा संपूर्ण माहिती' असं विचारून ते अक्षर कधीही वर आलं नसतं. तिनं तक्त्यातली ओळ बोटानं धरून रकान्यापर्यंत नेली, वर जाऊन रकान्याचं नाव पुन्हा वाचलं, मग शेवटच्या पानावरची संक्षेपांची यादी उघडली आणि वहीत उतरवून घेतलं. संशोधन सुरू झालेलं मला तिथं दिसलं.

त्याआधीच्या काळासाठी १८८४चं गॅझेटियर आहे. निजामाच्या राज्यातल्या औरंगाबाद जिल्ह्याचं, इंग्रजीत, मुंबईत छापलेलं. त्याची स्कॅन केलेली प्रत नेटवर वाचायला मिळते. पण तिथं खुलताबाद शोधू गेलं तर रोझा हे नाव ध्यानात ठेवावं लागतं, कारण इंग्रज त्या गावाला रोझा म्हणत, रौझा म्हणत. एकोणिसाव्या शतकातल्या कागदांत औरंगाबादचं स्पेलिंगही 'औरुंगाबाद' असा उच्चार होईल असं भेटतं. देवगिरीचं देवगीर, देओगीर. आणि शहराचं मूळ नाव खडकी. मलिक अंबरनं १६१० साली वसवलेलं खडकी. त्याच्या मुलाच्या काळात ते फतेहनगर झालं, औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद, आणि २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर. नुसतं खडकी शोधलं तर पुण्याची खडकी पुढं येते, १८१७ची लढाई आणि दारूगोळ्याचा कारखाना घेऊन. खडकीला मलिक अंबरची जोड दिली की मगच आपलं खडकी येतं. औरंगाबाद बिहारातही आहे. हैदराबाद सिंधमध्येही आहे. स्थळाच्या नावाला माणसाच्या किंवा काळाच्या नावाची जोड द्यायची, ही सवय लावून घेण्यासारखी आहे.

वृत्तपत्रांसाठी हेच उलट बाजूनं लागू पडतं. २०२३च्या आधीची बातमी जुन्या नावाखाली आणि नंतरची नव्या नावाखाली, म्हणून दोन्ही नावांनी वेगवेगळं शोधावं. जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळाचा पत्ताही नावाबरोबर बदलला, त्यामुळे जुन्या प्रबंधांच्या तळटिपांत दिलेले दुवे दाबले की पान उघडत नाही. त्यावर इलाज आहे. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून संकेतस्थळांच्या प्रती काढून ठेवते आणि २००१ पासून वेबॅक मशीन या नावानं त्या सगळ्यांना खुल्या आहेत. मेलेला पत्ता तिथं टाकला की अमुक साली ते पान कसं होतं ते बहुतेक वेळा दिसतं. संशोधन करणाऱ्या प्रत्येक मुलाला हे एक दार ठाऊक असलं पाहिजे.

नहरींचा भाग सुरू झाला तेव्हा मात्र वेगळीच अडचण उभी राहिली. मलिक अंबरच्या नहरीबद्दल मराठीत, हिंदीत पुष्कळ पानं आहेत आणि त्यातली बरीचशी एकमेकांवरून उतरवलेली. तीच चार वाक्यं, तेच आकडे. मुलगी म्हणाली, "काका, सगळीकडे सारखंच आहे, म्हणजे खरं असणार." मी तिला म्हटलं, एका माणसाचं बोलणं दहा जणांनी पुन्हा सांगितलं तर साक्षीदार एकच राहतो. त्या दहांमधला सगळ्यात जुना कोण ते बघ, आणि त्यानं कोणाचा दाखला दिला आहे ते बघ. दाखलाच नसेल तर तो आकडा वहीत उतरवू नकोस.

पुढं जायला नवा शब्द लागणार होता. जमिनीखालून उतारानं पाणी आणण्याच्या या पद्धतीला आपल्याकडे नहर म्हणतात. बिदरला तिलाच करेझ म्हणतात. बुऱ्हाणपूरला ती कुंडी भंडारा या नावानं प्रसिद्ध आहे. आणि जगभरचे अभियंते, भूगोलाचे अभ्यासक तिला कनात म्हणतात, कारण ही विद्या इराणची. युनेस्कोनं २०१६ साली इराणच्या कनातींना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. 'नहर' या शब्दानं जे दार उघडेना ते 'कनात' आणि 'दख्खन' या दोन शब्दांनी उघडलं. पाण्याचा उतार किती ठेवत, हवेसाठी आणि साफसफाईसाठी वरून झरोके का सोडत, वाटेत गाळ कुठं बसवत, याबद्दल अभियांत्रिकीच्या आणि पुरातत्त्वाच्या नियतकालिकांतले लेख समोर आले. तसंच विहिरीचं. आपण विहीर म्हणू, पायऱ्यांची असेल तर बारव म्हणू. हैदराबादच्या कागदांत ती बावली होते.

जॉर्ज फर्नस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली अमेरिकेत यावरच प्रयोग करून लिहिलं होतं. एकाच वस्तूला नाव द्यायला सांगितलं तर दोन माणसं तोच शब्द निवडण्याची शक्यता पाचात एकाहूनही कमी निघाली. त्यांचे लोक एकाच भाषेचे, एकाच काळातले होते. मराठवाड्यात तर चार भाषा आणि चार राजवटी. म्हणून शोधायला बसण्याआधी कागदावर आपल्या विषयाचे सगळे शब्द लिहून काढावेत, आजचे, आजोबांचे, सरकारी, उर्दू, इंग्रजी. तालिकेच्या कार्डावर आम्ही 'हेही पाहा' असं लिहीत असू, ते काम हा कागद करतो. मी त्या मुलीला तो कागद करायला लावला. पुढची सगळी कामं तिनं त्याच कागदावरून केली, आणि नवा शब्द भेटला की त्यात भर घातली.

मराठीत शोधताना आणखी एक गोष्ट आडवी येते, ती शुद्धलेखनाची. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीचं छापील मराठी 'गांव' लिहितं, 'नांव' लिहितं, 'कांहीं' लिहितं. शब्दाच्या शेवटचा इकारही अनेक ठिकाणी ऱ्हस्व. जुन्या पुस्तकाचा मजकूर नेटवर असला तरी 'पडेगाव' म्हणून शोधणाऱ्याच्या हाती 'पडेगांव' लागेलच याचा भरवसा नाही. दोन्ही रूपं टाकून बघावीत, त्याला मिनिटभरसुद्धा लागत नाही.

पण मला सगळ्यात जास्त तळमळ आहे ती प्रबंधांबद्दल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणं सक्तीचं झालं आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटनं चालवलेल्या शोधगंगेवर ते सगळ्यांना खुले झाले. आज तिथं लाखो प्रबंध आहेत, आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचेही. खेड्यातल्या मुलाला घरबसल्या, एक पैसा न देता एवढं वाचायला मिळावं ही केवढी मोठी गोष्ट आहे! आमच्या काळी एक प्रबंध बघायचा तर विद्यापीठात जाऊन परवानगीचं पत्र दाखवावं लागे. या जिल्ह्याच्या पाण्यावरचा एक मराठी प्रबंध त्या मुलीला तिथं मिळाला. तिनं उत्साहानं फाइल उघडली, शोधपेटीत 'नहर' टाकलं. एकही निकाल नाही. पानावर तर तो शब्द डोळ्यांना दिसत होता.

मी तिला पानावरचा तो शब्द निवडून कॉपी करायला सांगितला आणि शोधपेटीत चिकटवायला सांगितला. पेटीत देवनागरी उमटलीच नाही. टोपी घातलेली रोमन अक्षरं, डोक्यावर दोन टिंबं असलेला यू, मध्येच एक चलनाचं चिन्ह, असं काहीतरी आलं. प्रबंध युनिकोडमध्ये टाइप केलेलाच नव्हता. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरं, आणि देवनागरीच्या आकाराचा पोशाख फक्त पडद्यावर. यंत्राच्या लेखी त्या प्रबंधात मराठी शब्द एकही नाही. मग मी तिला म्हटलं, "आता तसंच राहू दे आणि एंटर दाब." तीच विचित्र अक्षरं घेऊन फाइलमध्ये शोध सुरू झाला आणि 'नहर' हा शब्द पानामागून पान सापडत गेला. ही युक्ती मी अनेकांना सांगत आलो आहे. फाइल जुन्या फॉन्टात असेल तर आपला शब्द टाइप करू नये, पानावरून उचलावा. फाइल म्हणजे नुसते पानांचे फोटो असतील तर मात्र ही युक्तीही चालत नाही. तिथं अनुक्रमणिका उघडून एकेक पान वाचावं लागतं, आणि ते वाचावं.

त्या फाइलीतली युक्ती चालली, पण बाहेरून तो प्रबंध कोणाला सापडणार? शीर्षकाची नोंद आहे म्हणून तो मिळाला. आतल्या शेकडो पानांवर एका माणसानं चार-पाच वर्षं उन्हातान्हात फिरून, विहिरी मोजून, म्हाताऱ्या माणसांशी बोलून जे लिहिलं, त्यातलं एकही वाक्य शोधयंत्राला वाचता येत नाही. नेटवर मराठीत काही नाही असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मराठीत आहे, भरपूर आहे, पण ते अशा फॉन्टांत आणि अशा स्कॅनांत अडकून पडलं आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची जी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर गेली त्यांची मराठी शीर्षकं रोमनमध्ये वाटेल तशी टाइप झाली आहेत, अक्षरं गाळून, शब्द तोडून. तिथं देवनागरीत नाव टाकून पुस्तक मिळालं नाही तर तेच नाव रोमनमध्ये तीन-चार तऱ्हांनी टाकून बघावं, लेखकाच्या आडनावानं बघावं, सालानं बघावं. मिळतं.

शोधयंत्राच्या खुणा शिकायला एक दुपार पुरते. अवतरणचिन्ह आणि वजाबाकी वर सांगितली. 'साइट' हा इंग्रजी शब्द, त्याला चिकटून अपूर्णविराम आणि पुढं संकेतस्थळाचा पत्ता दिला की शोध त्या एका जागेपुरता होतो. सरकारी संकेतस्थळांची स्वतःची शोधपेटी बहुधा नीट चालत नाही, तिथं ही खूण फार उपयोगी. 'फाइलटाइप' लिहून पुढं पीडीएफ म्हटलं की जाहिराती गळून अहवाल उरतात. 'बिफोर' आणि 'आफ्टर' लिहून साल दिलं की काळ आखता येतो. या खुणांचं फार स्तोम माजवू नये. कुठं आणि कोणत्या शब्दांनी शोधायचं हे ठरलेलं नसेल तर त्यांचा उपयोग होत नाही.

त्याहून मोलाची वाटते ती संदर्भसूची. एक चांगला प्रबंध मिळाला की त्याची शेवटची पानं आधी वाचावीत. त्यानं काय वाचलं ते तिथं आहे, म्हणजे त्याच्या आधीचे सगळे तिथं भेटतात. आणि गूगल स्कॉलरवर लेखाखाली तो पुढं कोणी कोणी उद्धृत केला याचा दुवा असतो, तो दाबला की त्याच्या नंतरचे भेटतात. मागं आणि पुढं असं दोन्हीकडे चालत गेलं की काही दिवसांत त्या विषयावरची सगळी माणसं ओळखीची होतात. तीच तीच नावं येऊ लागली म्हणजे शोध पुरा होत आला असं समजायला हरकत नाही.

राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला आणि पुढं एकूण २२ खंड झाले. गावोगाव पायपीट करून त्यांनी ते कागद मिळवले. त्या काळी शोध म्हणजे कोणत्या वाड्यात, कोणत्या देशमुख-कुलकर्ण्याच्या माळ्यावर दप्तर असेल याचा अंदाज बांधणं. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनं मराठीत आणली, कारण दख्खनचा इतिहास लिहिणारे फारसीत लिहीत होते हे ते जाणून होते आणि ती भाषा त्यांना येत होती. आपल्याला घरात बसून हे करता येतं, पण अंदाज तोच बांधावा लागतो. कागद कोणाकडे असेल? त्यानं तो कोणत्या भाषेत लिहिला असेल? राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे संकेतस्थळ उघडावं, तिथल्या नोंदी इंग्रज कारकुनांनी दिलेल्या शीर्षकांच्या आहेत, म्हणून इंग्रज कारकुनासारखा विचार करून शब्द द्यावेत. उर्दू पुस्तकांसाठी रेख्ताचं ई-ग्रंथालय आहे. उर्दू लिपी येत नसेल तर शब्द भाषांतरयंत्रातून उर्दूत करून घ्यावा आणि चिकटवावा, पुस्तक तरी हाती येतं. वाचून दाखवणारी माणसं आमच्या शहरात गल्लोगल्ली आहेत. त्या मुलीला पडेगावातल्याच एका आजींनी दोन पानं वाचून दिली, वर चहा पाजला.

अलीकडे शोध टाकला की सगळ्यात वर तयार उत्तर येतं, यंत्रानं रचलेलं. मुलं ते उतरवून घेतात आणि थांबतात. पडेगावबद्दल विचारल्यावर आलेलं असं एक उत्तर मी वाचलं. वाक्यं स्वच्छ होती, आणि आमचं गाव व फलटणचं ऊस केंद्र त्यात एकत्र झालेलं होतं. ज्या विषयावर जगात पुष्कळ लिहिलेलं आहे तिथं हे उत्तर बहुधा बरोबर येतं. ज्या गावावर चार ओळी आहेत तिथं ते शेजारच्या ओळी उचलून आणतं. म्हणून लहान गावाचा, लहान जातीचा, बोलीचा, बारवेचा अभ्यास करणाऱ्यांनी त्या उत्तराखालचा दुवा उघडल्याशिवाय एक शब्दही घेऊ नये. दुवा नसेल तर ते उत्तर सोडून द्यावं. हे मी आग्रहानं सांगतो.

आणि नेटवर सगळं नाहीच. मराठवाड्याच्या जमिनीची खासरा पत्रकं, इनामांचे मुंतखब, तलाठ्याकडची जुनी बाडं, यातलं बरंच काही तहसील आणि भूमी अभिलेखच्या कार्यालयांत आहे. मुघल काळातले दख्खनचे कागद हैदराबादला तेलंगणाच्या अभिलेखागारात आहेत. मराठवाडा साहित्य परिषदेच्या 'प्रतिष्ठान'चे जुने अंक ग्रंथालयांत चाळावे लागतात. नेटवरून एवढं कळलं पाहिजे की कोणता कागद, कोणत्या कार्यालयात, कोणत्या नावाखाली. तेवढं कळलं की बस पकडावी.

त्या मुलीचा लघुप्रबंध झाला. तिनं तो युनिकोडमध्ये टाइप केला, शीर्षकात गावांची नावं तालुका-जिल्ह्यासह घातली आणि मागं जुन्या-नव्या नावांची यादी जोडली. पडेगावचा शोध घेणाऱ्याला आता ऊस आणि प्लॉट यांच्यापलीकडचं काही मिळेल.

वाचकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, गावच्या जत्रेची पत्रिका, आजोबांनी लिहिलेला गावाचा वृत्तान्त, तुमचा स्वतःचा जुन्या फॉन्टातला प्रबंध, असं काही कपाटात किंवा पेनड्राइव्हमध्ये पडलं असेल तर ते युनिकोडमध्ये करून घ्या. जुने फॉन्ट बदलून देणारी साधनं नेटवर फुकट आहेत, महाविद्यालयातला कोणताही मुलगा तासाभरात करून देईल. पहिल्याच पानावर गाव, तालुका, जिल्हा आणि साल देवनागरीत लिहा, गावाचं जुनं नाव असेल तर तेही, आणि रोमनमधलं स्पेलिंगही. फाइललाही तेच नाव द्या. मग ती इंटरनेट आर्काइव्हवर चढवा. आमच्या पडेगावच्या लोकांसाठी वेगळं सांगतो. शहराच्या हद्दीत येण्याआधीचे ग्रामपंचायतीचे कागद, विहिरीचे उतारे, उर्दूतली खासरा पत्रकं घरात असतील तर रद्दीत घालू नका. मला किंवा त्या मुलीला हाक मारा, आम्ही स्कॅनर घेऊन घरी येतो.